बिनअंड्याचं टेबल

नागपूरला कोणी पहिल्यांदा येणार असलं की आमच्या घरातली माणसं त्याला माझा फोन नंबर देतात. काय बघायचं ते कोणी विचारत नाही. उन्हाशिवाय इथं बघण्यासारखं काही नाही, अशी बाहेरच्यांची समजूत असते. विचारतात ते, कुठं खायचं. मी हौसेनं यादी पाठवते. सकाळी वाडी नाक्यावरचे तर्री-पोहे, पण दहाच्या आत, कारण त्यानंतर तर्रीत पाणी वाढतं. इतवारीतल्या गल्लीत पाटोडी-रस्सा. तिथं बसायला जागा मिळणार नाही, उभ्यानं खायचं आणि पांढरा शर्ट घालून जायचं नाही. महालातली सांबारवडी, सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीबरोबरचं नव्हे, हे पुण्याच्या माणसाला दरवेळी समजावून सांगावं लागतं. सावजी जेवायचं असेल तर दुसऱ्या कोणाला विचारा, त्यातलं मला कळत नाही. मागच्या महिन्यात माझ्या भाचेजावयानं यादी वाचून फोन केला. म्हणाला, ‘‘मावशी, यात बेकरी एकच आहे, तीही सदर बाजारातली. बाकीच्या वाईट आहेत का?’’ बाकीच्या वाईट नाहीत. धरमपेठेत तर आता काचेची कपाटं आणि थंडगार हवा असलेल्या बेकऱ्या एकीला लागून एक आहेत, आणि मी तिथलंही खाते. पण यादीत नाव एकीचंच लिहिते. का, ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथं सांगते.

तेव्हा आम्ही वाडीला राहत होतो. अमरावती रोडपासून आत दोन गल्ल्या, पत्र्याच्या छपराच्या दोन भाड्याच्या खोल्या आणि मागे नळ. आजूबाजूला सगळी ट्रान्सपोर्टची गोदामं. ट्रक मागे घेताना क्लीनर पत्र्यावर थापा मारायचे, ‘आने दो, आने दो’ म्हणायचे, आणि मग ब्रेकचा लांब सुस्कारा यायचा. मला वाटायचं सगळ्या जगात सकाळ अशीच होते. बाबा त्यातल्याच एका गोदामात कारकून होते. मूळचे कळमेश्वरकडच्या एका खेड्यातले. शेत चुलतभावाच्या हाती होतं, तिकडून तूर आणि ज्वारी यायची. बाबा माळकरी. लग्नाआधीपासून गळ्यात तुळशीची माळ होती आणि माळ घातल्यापासून मांस, मासळी, अंडं यांचा त्यांना वारासुद्धा लागलेला नव्हता. बेकरीच्या वस्तूंवर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. पावात अंडं असतं, टोस्टात असतं, खारीत तर असतंच असतं, असं त्यांचं ठाम मत होतं. गोदामात चहाबरोबर कोणी टोस्ट पुढे केला की ते म्हणायचे, ‘‘नोको गा बाप्पा, मले माह्या घरची शिळी पोळी बरी.’’ आई त्यांच्याहून कडक होती, कारण तिला माळ नव्हती आणि तरी सगळं पाळावं लागत होतं.

आमच्या घरात चौथं माणूस होतं आत्या. शांता तिचं नाव, बाबांची धाकटी बहीण. काटोलकडे दिली होती, पण नवऱ्यानं दुसरी केली आणि आत्या एक ट्रंक घेऊन परत आली. मला ती आल्याचं आठवत नाही, ती नव्हती असंही आठवत नाही. तिशीसुद्धा ओलांडली नव्हती, पण घरात तिला कोणी काही विचारायचं नाही. भाजी कोणती करायची हे आई ठरवायची आणि आत्या करायची. पाहुणे आले की ती आत जायची. बाबांचं तिच्यावर प्रेम होतं, ते मी आता सांगू शकते. पण ते प्रेम असं होतं की तिला पावसात बाहेर जाऊ देऊ नये, उन्हात जाऊ देऊ नये, आणि एरवी तरी बाहेर काय काम आहे.

एकच वाट मोकळी होती, ती बाजाराची. रविवारी आत्या मला घेऊन सिटी बसनं बर्डीला जायची आणि भाजीच्या पिशवीआड आम्ही दोघी अख्खं शहर खाऊन यायचो. या बाबतीत मी तिची चेली. वाडी नाक्यावरच्या गाड्यावर ड्रायव्हर लोकांच्या रांगेत ती पदर सावरून उभी राहायची आणि गाडीवाल्याला सांगायची, ‘‘भाऊ, तर्री वरची नोको, खालची दे, चण्याची.’’ बर्डीवरच्या एका उपाहारगृहात आलुबोंडा कढीत बुडवून देत. इतवारीत एक मिठाईवाला संत्रा बर्फी करायचा. आत्या ती जिभेवर ठेवून डोळे मिटायची आणि सांगायची, ‘‘संत्रं हाय, पण पाक पुढं गेला वं थोडासा.’’ तिला चवीवरून सगळं कळायचं. हिंग आधी पडला की नंतर, बेसन जुनं आहे की ताजं, तूप गाईचं की म्हशीचं. घरी आल्यावर ती तेच पुन्हा करून बघायची आणि आई म्हणायची, ‘‘हे कुठी शिकली वं तू?’’ आम्ही एकमेकींकडे बघायचो नाही. माझ्या आयुष्यातलं पहिलं गुपित हे असं खाण्याचं होतं आणि आजही मला त्याची लाज वाटत नाही.

आता भट्टीचं सांगते, कारण हल्लीच्या मुलांना ते माहीत नाही. तेव्हा घरोघरी ओव्हन नव्हते. दिवाळीची बिस्किटं आणि नानकटाई करायची तर सगळं सामान घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचं. मैदा आपला, पिठीसाखर आपली, तूप आपलं, वेलचीसुद्धा आपली. भट्टी आणि पत्र्याचे ट्रे तेवढे बेकरीवाल्याचे. आठ दिवस आधी नंबर लावायचा. तिथंच परातीत बसून मळायचं, गोळ्या करायच्या, ट्रेवर मांडायच्या, मग भट्टीवरचा माणूस लांब दांड्याच्या लाकडी फळीनं एकेक ट्रे आत सरकवायचा. एका वेळी चार घरांचे ट्रे आत जात, म्हणून प्रत्येक घराची बिस्किटावर खूण असायची. कोणी किल्लीचं टोक दाबायचं, कोणी मधोमध चारोळी लावायचं, कोणी बाटलीचं झाकण. आमची खूण आत्याच्या शिवणकामाच्या अंगुस्तान्याची, म्हणजे लहानसा गोल खड्डा. बाबांना ही भट्टी चालायची, कारण सामान घरचं आणि हात घरचा. तरी निघताना आई एका पुडीत राख आणि नारळाची शेंडी बांधून द्यायची. ‘‘पत्रे तू सोता घासजो शांते. त्यायच्यावर काय काय भाजलं असन, देव जाणे.’’

आमची भट्टी सदरची, हमीदभाईंची. वाडीहून सदर म्हणजे दोन बस, पण आत्याला तीच लागायची. म्हणायची, तिथला जाळ एकसारखा असतो. हमीदभाई पन्नाशीचे, भुवयांतसुद्धा मैदा बसलेला, आवाज एवढा हळू की त्यांचं ऐकायला भट्टीजवळ जावं लागे. मी बारा-तेरा वर्षांची होते त्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा आमच्या शेजारच्या पाटावर मार्था सिस्टर बसल्या होत्या. त्या दवाखान्यात नर्स होत्या आणि वॉर्डातल्या लोकांसाठी दिवाळीत बिस्किटं करायच्या. त्यांनी एका चिनीमातीच्या वाडग्यात तीन अंडी फोडली, ती मी डोळे फाडून पाहिली. मी आयुष्यात फुटलेलं अंडं इतक्या जवळून बघितलं नव्हतं. आत्यानं माझं डोकं दुसरीकडे वळवलं. ‘‘आपलं पाह्य तू.’’

आमचे तीन ट्रे झाले होते, चौथा व्हायचा होता, तेव्हा हमीदभाईंनी आत्याला हाक मारली. ती हात पुसत गेली. आमच्या शेजारी पाटावर बसणाऱ्या बायका दोन-तीन वर्षांपासून आत्याला म्हणायच्या, ‘‘ताई, आमच्याही पिठाले जरा हात लावा,’’ आणि ती लावायची. हमीदभाईंनी ते बघून ठेवलं होतं. ते बोलत होते ते मला अर्धंमुर्धं ऐकू आलं. ‘‘ऐसा है बहन, आधे ग्राहक तो दरवाजे से लौट जाते. पूछते, अंडा है क्या? मैं बोलता, नहीं है. मेरे बोलने पे कौन मानता? मैं अलग टेबल लगा रहा हूँ. पत्रे अलग, परात अलग, भट्टी का टाइम भी अलग. बस हाथ चाहिए. तुम माळकरी घर की हो, तुम बैठोगी तो लोग मानेंगे.’’ मग ते तिला आतल्या खोलीत ते टेबल दाखवायला घेऊन गेले. नवं होतं, लाकडाचा वास यायचा, असं तिनं नंतर मला सांगितलं.

मी एकटी चौथ्या ट्रेपाशी. गोळ्या मांडून झाल्या, आता अंगुस्तान्यानं दाबायचं. इतक्यात माझी नजर मार्था सिस्टरांकडे गेली. त्या काट्यानं बिस्किटं दाबत होत्या, काट्या-चमच्यातल्या काट्यानं. एकदा दाबला की चार सरळ रेघा, फिरवून दाबला की चौकट. आमच्या घरात काटा नव्हता, मी तो कधी हातात धरला नव्हता, आणि त्यापुढे आमचे गोल खड्डे मला फार गावठी वाटले. म्हटलं, ‘‘सिस्टर, एकदा देता?’’ त्यांनी काटा पदराला पुसून दिला. ‘‘घे की. नीट धर, असा.’’ मी अख्खा चौथा ट्रे काट्यानं दाबला. आत्याला दाखवायचं नाही असं ठरवलं. दिवाळीच्या दिवशी बाबांच्या ताटात वाढून सगळ्यांना थक्क करायचं होतं.

पुढं काय झालं असेल ते वाचणाऱ्याला कळलंच असेल. मला मात्र तेव्हा कळलं नाही. ट्रे बाहेर येऊ लागले. सिस्टर कागद आणायला बाहेर गेल्या होत्या. भट्टीवरच्या माणसानं विचारलं, ‘‘लकीरवाले किसके?’’ मी म्हटलं, ‘‘एक आमचा.’’ त्यानं रेघांच्या ट्रेंपैकी जवळचा एक माझ्याकडे सरकवला. बिस्किटं जरा पिवळी वाटली. मला वाटलं, जाळ लागला असेल. ती मी तेलाच्या रिकाम्या पिप्यात सगळ्यात खाली भरली, वर खड्ड्यांची घातली आणि झाकण लावलं.

बसमध्ये आत्या खिडकीशी बसली. बर्डी आली. मग एकदम म्हणाली, ‘‘सुमे, मले बोलावलं त्यायनं. रोजच्यासाठी.’’ तिनं माझा हात इतका घट्ट धरला होता की दुखायला लागला. मला वाटलं, ती रडतेय. पण ती हसत होती. तिला त्याआधी कोणी कशासाठी बोलावल्याचं मला आठवत नाही. संध्याकाळी बाबा हातपाय धुऊन बसले तेव्हा तिनं विचारलं. आई म्हणाली, ‘‘भट्टीवर? आपल्या घरची बाई?’’ बाबांनी बराच वेळ माळेचे मणी चाळवले. मग म्हणाले, ‘‘दिवाळी होऊ दे. मंग सांगतो.’’ नाही म्हणाले नाहीत, हेच खूप होतं. त्यानंतरचे आठ दिवस आत्यानं चिवडा, चकल्या, अनारसे असे केले की घर सुगंधानं भरलं. बाबांना आवडलं की ते जाऊ देतील, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

दिवाळीची सकाळ. अंघोळी झाल्या, देवापुढं ताट ठेवलं, बाबा फराळाला बसले. मी आधीच पिपा उपसून रेघांची बिस्किटं एका वाडग्यात काढून ठेवली होती. बाबांच्या ताटात सगळ्यात वर ठेवली. ‘‘हे कोणतं वं?’’ ‘‘माह्यं. म्या काट्यानं केलं.’’ बाबांनी एक खाल्लं. मग दुसरं. तिसरं खाताना ते आत्याकडे वळले. ‘‘शांते, बिस्किटं तं तू दरसाल करतं. पण यंदाची बात अलग हाय. तोंडात टाकलं का इरघळते.’’ चौथं उचललं आणि ते हातात धरूनच म्हणाले, ‘‘जाय तू भट्टीवर. एवढा हात घरात ठेवून काय करायचं?’’  आत्या जागच्या जागी उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे होतं ते मी नंतर फक्त एकदोनदाच माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलं. मग बाबांनी इतकं नावाजलंय तर बघावं तरी, म्हणून तिनं त्याच वाडग्यातलं एक उचललं आणि अर्धं तोडून तोंडात टाकलं.

तिचं चावणं थांबलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मागच्या दारानं नळाकडे गेली. मी मागे गेले. तिनं चूळ भरली, परत भरली. ‘‘हा कोणाचा ट्रे आणला वं तू?’’ मी सगळं सांगितलं, काटा, रेघा, सिस्टरांची अंडी.  ‘‘आत्या, नोको सांगू. कोणाले माहीत नाही. तू अन् मी. मी देवाची शपथ...’’ ती म्हणाली, ‘‘गप बस.’’ तिनं पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं, ती आता बराच वेळ विचार करेल, मी तिची समजूत काढेन. पण ती तशीच सरळ आत गेली, बाबांच्या समोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘दादा, त्या रेघांच्या बिस्किटात अंडं होतं. ट्रे बदलला.’’

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हातातलं अर्धं बिस्किट ताटात ठेवलं. ‘‘किती खाल्ले म्या?’’ आई म्हणाली, ‘‘चार.’’ मी पुढं होऊन म्हटलं, चूक माझी आहे, आणि आईनं मला दिवाळीच्या दिवशी कानाखाली दिली. बाबा उठले, पुन्हा अंघोळ केली, गळ्यातली माळ काढून देवापुढं ठेवली. जाताना एवढंच म्हणाले, ‘‘भट्टीचं नाव काढू नोका आता कोणी.’’ दुपारच्या बसनं ते गावी गेले. गावात एक वयस्क बुवा होते, त्यांच्या हातूनच त्यांनी पहिली माळ घातली होती. पुन्हा घालायची तर त्यांच्याच हातून.

माझी नातवंडं रविवारी आमच्याच टेबलावर ऑम्लेट खातात आणि मी त्यांना मिरची चिरून देते. एका अंड्यानं काय होतं, असं ती विचारतील, म्हणून ही गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही. पण बाबांची माळ नसलेली मान मला अजून दिसते. तिथली कातडी पांढरी होती, बाकीच्या अंगापेक्षा कितीतरी पांढरी. मला तेव्हा स्वतःची इतकी चीड आली की मी दोन दिवस गोड खाल्लं नाही. ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

भाऊबीजेला बाबा घरी नव्हते. असं पहिल्यांदाच झालं. आत्यानं ओवाळणीचं ताट तयार केलं, सुपारी, कुंकू, निरांजन, आणि मग उचलून ठेवलं. आई तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलायची. ‘‘सांगायचं काय अडलं होतं तुले?’’ असं एकदा चुलीपाशी म्हणाली. मला आश्चर्य वाटलं, कारण एरवी नेमधर्मात आईच पुढे.  आत्या तांदूळ निवडत राहिली.

बाबा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आले. गळ्यात नवी माळ, ओल्या लाकडाच्या रंगाची. चहा झाला. आई बाहेर गेली होती. मी कोपऱ्यात अभ्यासाचं पुस्तक उघडून बसले होते आणि अक्षर वाचत नव्हते. बाबा म्हणाले, ‘‘शांते, रस्ताभर तेच डोक्यात होतं. तू सांगतलं नसतं तं मले कधीच समजलं नसतं.’’

‘‘हो.’’

‘‘अन् भट्टीवर जायचं म्या हो म्हटलं होतं.’’

‘‘म्हटलं होतं.’’

‘‘मंग काहून सांगतलं?’’

आत्या खाली बघत होती. ती हळूच बोलली, पण अडखळली नाही. ‘‘दादा, तिथं माह्या परातीत कोणी डोकावून पाहणार नाही. लोकं माह्या तोंडाकडे पाहून खातीन. तुमालेच फसवलं असतं तं बाकीच्यायले काय तोंड दाखवू? अन् जायले नाही भेटलं तं नाही भेटलं.’’ एवढं एका दमात बोललेलं मी तिला कधी ऐकलं नव्हतं. बाबा उठून मागे नळाशी गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले. परत आल्यावर म्हणाले, ‘‘ओवाळायचं राह्यलं नं?’’ तिनं ताट आणलं. बाबांनी ओवाळून घेतलं, तिच्या ताटात नेहमीचं लुगडं ठेवलं. भट्टीचं हो-नाही काहीच बोलले नाहीत, आणि विचारायची माझी किंवा तिची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गोदामाचे कपडे घालून दारात उभे राहिले. ‘‘चाला. मले सदरले काम हाय.’’ आत्यानं आईकडे बघितलं. आईनं राख आणि शेंडीची पुडी पुढे केली आणि तोंड फिरवलं. मला सुट्टी होती, मीही निघाले, आणि वाडग्यात उरलेली रेघांची बिस्किटं एका कागदात बांधून घेतली. मार्था सिस्टर भट्टीवर भेटल्या तेव्हा ट्रे बदलल्याचं सांगून ती मी त्यांना परत दिली. त्या खूप हसल्या. म्हणाल्या, त्यांच्या वॉर्डातल्या म्हाताऱ्या बायका आमचीच बिस्किटं जास्त मागत होत्या. हसून झाल्यावर बाबांच्या गळ्यातली नवी माळ त्यांनी पाहिली, आणि हात जोडून नुसत्याच उभ्या राहिल्या. बाबांनीही हात जोडले.

बाबा हमीदभाईंशी दोन शब्द बोलले, आतल्या खोलीत डोकावून ते टेबल पाहून आले आणि ‘‘येतो’’ म्हणून निघून गेले. त्यांना सदरमध्ये काय काम होतं ते मला आजही माहीत नाही. आत्यानं पत्रे घासले. मग नव्या टेबलावर पहिल्यांदा मैदा ओतला. तुपात साखर फेसायला घेतली. भट्टी त्या वेळेपुरती तिच्यासाठी रिकामी ठेवली होती. पहिला घाणा बाहेर आला तेव्हा अकरा वाजले असतील. हमीदभाईंनी पुढच्या दुकानात डाव्या बाजूला एक वेगळा काउंटर मांडला होता. तिथं त्यांनी आत्याला उभं केलं. ती पदर डोक्यावरून घेऊन, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. दुकानात गर्दी होती, दिवाळी संपून ऑफिसं सुरू झाली होती. लोक पलीकडून पाव, टोस्ट घेत होते, या काउंटरकडे बघत होते आणि जात होते. एकानं हमीदभाईंनाच विचारलं, ‘‘वेगळं हाय म्हणता, पण नक्की?’’ आणि उत्तर ऐकूनही गेला.  मला तिची इतकी दया आली की तिला घरी चल म्हणावंसं वाटलं.

तेवढ्यात बाबा आले. आमच्याकडे आले नाहीत, ते इतर गिऱ्हाइकांसारखे रांगेत उभे राहिले. त्यांच्या मागे एक धोतरवाला म्हातारा होता, त्याच्या गळ्यातही माळ होती, आणि त्याच्यामागे दोन बायका. बाबा काउंटरपाशी आले. गळ्यातली माळ त्यांनी शर्टाबाहेर काढलेली होती. त्यांनी आत्याकडे असं पाहिलं की जणू ओळखच नाही, आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, ‘‘बाई, याच्यात अंडं नाही नं?’’

आत्यानं डोक्यावरचा पदर मागे सरकवला. मान वर केली. त्यांच्या तोंडाकडे बघून ती म्हणाली, ‘‘नाही.’’

बाबांनी एक बिस्किट उचललं आणि तिथंच, सगळ्यांसमोर खाल्लं. सावकाश खाल्लं, शेवटच्या कणापर्यंत. मग खिशातून रुमाल काढून मिशी पुसली आणि म्हणाले, ‘‘अर्धा किलो बांधा.’’ आत्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती तशीच पुडा बांधत होती. मागच्या म्हाताऱ्यानं काही विचारलं नाही. म्हणाला, ‘‘मलेही द्या.’’